चिंतेचा 'स्वीकार' : एका उपचारपद्धतीची तपासणी

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयात शिक्षकांसाठी भरलेल्या कार्यशाळेला आम्ही श्रोते म्हणून गेलो होतो. विषय होता विद्यार्थ्यांना वाटणारी परीक्षेची आणि भविष्याची चिंता. वक्त्यांनी 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी' या उपचारपद्धतीची ओळख करून दिली आणि शेवटी पडद्यावर दोन स्तंभ दाखवले. डावा उंच, उजवा ठेंगणा. कार्यक्रमापूर्वी विद्यार्थ्यांच्या चिंतेचे गुण किती होते आणि सहा आठवड्यांनी ते किती झाले, हे त्यातून दिसत होते. टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षापासून सर्व वर्गांना हा कार्यक्रम देण्याचे तिथल्या तिथे जाहीरही झाले. चहाच्या वेळी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला विचारले, "सर, ते दोन स्तंभ पाहून काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, पण नेमके काय, ते सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटते?"

चहाचा कप संपेपर्यंत उत्तर देता आले नाही. या लेखात ते देण्याचा प्रयत्न आहे. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही. परंतु एखाद्या दाव्यामागचा प्रयोग कसा तपासावा, हे कोणत्याही विज्ञानशाखेतील माणसाला ठाऊक असायला हवे, आणि विज्ञान-शिक्षकाला तर हवेच. शिवाय हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, हे त्यांपैकी एक. त्यामुळे यापुढे अनेक पद्धती, अनेक कार्यक्रम आणि अनेक स्तंभालेख शिक्षकांसमोर येतील. त्यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरवण्याची पाळी शिक्षकांवरच येणार आहे.

पद्धत काय सांगते?

प्रथम पद्धत समजून घेऊ. तिचे मुख्य प्रवर्तक अमेरिकेच्या नेवाडा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेझ. १९७८ साली, तरुण प्राध्यापक असताना, विभागाच्या एका बैठकीत त्यांना स्वतःलाच भीतीचा तीव्र झटका आला होता, असे त्यांनी सांगितले आहे. पुढची काही वर्षे ते अशा झटक्यांशी झगडत होते. त्या झगड्यातून आणि प्रयोगशाळेतील कामातून त्यांनी व सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली. तिचे सविस्तर विवेचन करणारा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. पद्धतीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार 'ॲक्ट', म्हणजे 'कृती कर' असा करतात; आपणही तो तसाच वापरू.

मराठी वाचकाला अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचयाची आहे. तिच्याशी तुलना केली, तर ॲक्टचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीच्या मनात येते, 'मी नापास होणार, आणि नापास झाले तर सगळे संपले.' एलिस यांचा अनुयायी तिला विचारील, हे कशावरून? नापास होणे गैरसोयीचे आहे हे खरे, पण 'सगळे संपले' याला पुरावा काय? थोडक्यात, तो विचाराची सत्यता तपासून अविवेकी विचाराच्या जागी विवेकी विचार आणू पाहतो. ॲक्टचा उपचारक या वादात पडतच नाही. तो म्हणतो, 'नापास होणार असा एक विचार तुझ्या मनात आला आहे, एवढे फक्त पाहा. तो खरा की खोटा हे ठरवत बसू नकोस आणि त्याला हाकलूही नकोस. तो बरोबर असतानाच, तुला जे महत्त्वाचे वाटते त्याच्या दिशेने आज एक पाऊल टाक.'

या पद्धतीत सहा गोष्टी शिकवतात. नकोशा भावनेला जागा देणे. विचाराकडे विचार म्हणून, थोडे दुरून पाहणे. चालू क्षणावर लक्ष आणणे. 'मी म्हणजे माझी चिंता नव्हे' हे ओळखणे. आपली मूल्ये स्पष्ट करणे. आणि त्या मूल्यांना धरून कृती करणे. या सहांच्या एकत्रित फळाला 'मानसिक लवचिकता' म्हणतात. चिंता कमी करणे हे पद्धतीचे थेट उद्दिष्ट नाही. चिंता असूनही जगणे अडू नये, हे उद्दिष्ट आहे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा लागेल.

पांढरे अस्वल आणि 'दूध'

भावना दाबू नये, असे ॲक्ट का म्हणते? याचे उत्तर देताना एका सुंदर प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. १९८७ साली डॅनिएल वेग्नर व सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे आणि अस्वल मनात आले की घंटी वाजवायची. सरासरीने मिनिटाला एकदाहून अधिक वेळा घंटी वाजली. त्यानंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करण्याची मुभा दिली, तेव्हा पहिल्यापासून मुभा असलेल्या गटापेक्षाही त्यांच्या घंट्या अधिक वाजल्या. दाबलेला विचार उसळून वर आला, असा निष्कर्ष निघाला. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. घंटीऐवजी पाटीवर एक रेघ ओढली तरी पुरे.

दुसरा प्रयोग याहून जुन्या युक्तीवर आधारलेला आहे. एखादा शब्द भराभर, अर्ध्या मिनिटापर्यंत मोठ्याने म्हणत राहिले, तर त्याचा अर्थ विरतो आणि केवळ आवाज उरतो. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे नोंदवले होते. 'दूध, दूध, दूध...' असे म्हणून पाहावे. थोड्या वेळाने ना पांढरा रंग आठवतो, ना साय. २००४ साली हेझ व सहकाऱ्यांनी हीच युक्ती विद्यार्थ्यांच्या स्वतःविषयीच्या बोचऱ्या शब्दांवर वापरली. त्या शब्दांचा त्रास आणि त्यांच्यावरचा विश्वास, दोन्ही कमी झाले. मात्र त्या अभ्यासात फक्त ८ व्यक्ती होत्या.

येथे पहिली शंका उपस्थित होते. विचार दाबणे नेहमीच अपायकारक असते, हे पांढऱ्या अस्वलाने सिद्ध होते काय? अस्वल कोणाच्या भीतीचा विषय नव्हते आणि पाच मिनिटे म्हणजे आयुष्य नव्हे. २०२३ साली केंब्रिज विद्यापीठातील झुल्काय्दा ममत आणि मायकेल अँडरसन यांनी १६ देशांतील १२० व्यक्तींना तीन दिवस ऑनलाइन प्रशिक्षण दिले. त्यातील काहींना आपल्या मनातील भीतिदायक कल्पना आल्याबरोबर अडवण्यास शिकवले होते. त्या कल्पना उसळून वर आल्या नाहीत. उलट त्या पुसट झाल्या आणि ज्यांना अधिक त्रास होता त्यांना अधिक लाभ झाला. कोविडच्या साथीच्या काळातला हा एक प्रयोग आहे, त्यामुळे यावरून ॲक्ट चुकीचे ठरते असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. परंतु 'भावना दाबली की ती दुप्पट होते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे' असे जे वाक्य कार्यशाळांतून निःशंकपणे उच्चारले जाते, त्यातील निःशंकपणा काढून टाकावा लागेल.

विद्यार्थ्यांवरचे प्रयोग

आता विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडे वळू. तीन अभ्यास पाहू. ते या क्षेत्रातील कामाचा चांगला नमुना आहेत.

पहिला २०११ सालचा. अमेरिकेत शिकणाऱ्या ७० जपानी विद्यार्थ्यांना हेझ यांच्या स्वयंसाहाय्याच्या पुस्तकाचा जपानी अनुवाद वाचायला दिला. काहींना लगेच, काहींना प्रतीक्षेनंतर. परक्या देशात, परक्या भाषेत शिकताना येणारा ताण आपल्याही परदेशी गेलेल्या मुलांना ठाऊक आहे. ज्यांना पुस्तक आधी मिळाले त्यांचे मानसिक आरोग्य तुलनेने सुधारलेले आढळले. दुसरा अभ्यास फिनलंडमधील युवास्क्युला विद्यापीठातला, २०१६ सालचा. ६८ विद्यार्थ्यांपैकी काहींना सात आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम दिला आणि त्याबरोबर मार्गदर्शकाची जोडही दिली; बाकीचे प्रतीक्षायादीत होते. येथेही ताण व उदासी कमी झाली, स्वास्थ्य वाढले. तिसरा हा स्वतंत्र प्रयोग नसून अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब आहे. २०१९ साली हॉवेल व पासमोर यांनी विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्यावरील पाच प्रयोग, एकूण ५८५ विद्यार्थी, एकत्र केले. कार्यक्रम मिळालेला गट पुढे होता. किती पुढे? परिणाम-मान ०.२९.

हा आकडा समजून घेणे आवश्यक आहे. परिणाम-मान म्हणजे दोन गटांच्या सरासरींतील फरक भागिले गुणांचे प्रमाण विचलन. शंभर गुणांच्या परीक्षेची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १५ असेल, तर ०.२९ म्हणजे सुमारे ४ गुणांचा फरक. दुसऱ्या रीतीने सांगायचे, तर कार्यक्रम मिळालेला एक आणि न मिळालेला एक असे दोन विद्यार्थी डोळे मिटून निवडले, तर १००पैकी सुमारे ५८ वेळा पहिला अधिक बऱ्या स्थितीत आढळेल. नाणे उडवले असते, तर ५० वेळा आढळला असता. हा लाभ शून्य नाही. एखादा स्वस्त, निरुपद्रवी कार्यक्रम हजारो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत असेल, तर एवढा फरकही मोलाचा. पण वक्त्यांच्या पडद्यावरचे उंच-ठेंगणे स्तंभ आणि हे ५८ विरुद्ध ५०, यांत मोठी तफावत आहे. ती कशी निर्माण होते?

फाशांचा वर्ग

हे उलगडण्यासाठी वर्गात एक प्रयोग करावा. साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक फासा द्यावा आणि एकदा टाकायला सांगावे. ५ किंवा ६ पडलेल्यांना 'चिंताग्रस्त' समजून बाजूला काढावे. असे साधारण २० विद्यार्थी निघतील आणि त्यांची सरासरी ५.५च्या आसपास असेल. आता या वीस जणांवर 'उपचार' करावा. त्यांना डोळे मिटून तीन दीर्घ श्वास घ्यायला सांगावे आणि पुन्हा फासा टाकायला सांगावा. नवी सरासरी ३.५च्या जवळपास येईल. डावा स्तंभ ५.५, उजवा ३.५. उपचार विलक्षण गुणकारी!

मुले हसतील, आणि त्या हसण्यातच धडा आहे. टोकाचे म्हणून निवडलेले गुण पुढच्या मोजणीत आपोआप सरासरीकडे सरकतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन यांनी आई-वडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना हे दाखवून दिले. माणसाची चिंता काही फाशाइतकी लहरी नसते. तिच्यात स्वभावाचा स्थिर भागही असतो. म्हणून ती पूर्ण नव्हे, अंशतः सरासरीकडे येते. परंतु विद्यार्थी मदत मागायला केव्हा येतात? चिंता शिगेला पोहोचली असताना. बहुधा परीक्षेच्या तोंडावर. सहा आठवड्यांनी परीक्षाही संपलेली असते. म्हणजे उजवा स्तंभ ठेंगणा होण्यास तीन कारणे असू शकतात : सरासरीकडे परतणे, परीक्षा संपणे आणि कार्यक्रमाचा गुण. दोन स्तंभांकडे कितीही वेळ पाहत राहिले तरी ही तीन कारणे वेगळी करता येणार नाहीत. रसायनशास्त्राच्या बाईंना जे राहून गेल्यासारखे वाटत होते, ते हेच. त्या प्रयोगात तुलनेचा गट नव्हता.

वर सांगितलेल्या जपानी व फिनिश विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत तो होता, हे त्या संशोधकांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. पण तुलना कोणाशी? प्रतीक्षायादीतल्या विद्यार्थ्यांशी. औषधाच्या चाचणीत तुलना गटाला दिसायला सारखी, पण निष्क्रिय गोळी देतात; आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णाला कळत नाही. येथे तसे करता येत नाही. एका गटाला कार्यक्रम, मार्गदर्शकाचे दोन आपुलकीचे शब्द आणि 'आपल्यासाठी काहीतरी चालले आहे' ही भावना मिळते. दुसऱ्या गटाला मिळते ते 'थांबा' एवढेच. या दोहोंतील फरकात ॲक्टचा वाटा किती आणि कोणीतरी विचारपूस केल्याचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे. याच विद्यार्थ्यांची तुलना आठवड्यातून दोनदा एकत्र फिरायला जाणाऱ्या, किंवा साध्या अभ्यासगटात बसणाऱ्या विद्यार्थ्यांशी केली असती, तर उत्तर अधिक बोलके ठरले असते.

मोजपट्टीचा प्रश्न

तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे, आणि आमच्या मते ॲक्टच्या अभ्यासकांना ती सर्वांत अधिक बोचायला हवी. चिंता मोजतात प्रश्नावलीने. उदाहरणार्थ, 'जीएडी-७' या प्रसिद्ध प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांसंबंधी सात प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. यात फारसे वावगे नाही. पण ॲक्टचा दावा असा आहे की त्याचा गुण 'मानसिक लवचिकता' वाढल्यामुळे येतो. मग ती लवचिकता मोजायला हवी. त्यासाठी अनेक वर्षे सर्वाधिक वापरली गेली ती सात विधानांची, २०११ साली सुधारित स्वरूपात प्रसिद्ध झालेली प्रश्नावली. काळज्या यशाच्या आड येतात, स्वतःच्या भावनांची भीती वाटते, अशा आशयाची विधाने त्यात आहेत.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्याला चिंता अधिक, तो या विधानांना 'होय' म्हणणारच. म्हणजे ही मोजपट्टी लवचिकता मोजते की चिंताच पुन्हा एकदा, दुसऱ्या नावाने मोजते? ही केवळ आमची शंका नाही. २०१४ साली स्वीडनमधील वोल्गास्ट यांनी आणि नंतर इतर संशोधकांनीही दाखवले की ही प्रश्नावली भावना टाळण्याच्या सवयीपेक्षा एकंदर मानसिक त्रासाशीच अधिक जुळते. ताप उतरल्यामुळे खोकला थांबला, असे सिद्ध करायचे आणि 'खोकल्याचे' उपकरण म्हणून पुन्हा तापमापकच वापरायचा, असा हा प्रकार झाला. 'लवचिकता वाढली म्हणून चिंता घटली' या विधानाचा बराचसा पुरावा अशा मोजपट्टीवर उभा असल्याने, पद्धतीचा गुण मान्य केला तरी तिने दिलेले कारण अद्याप सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.

आणि येथे मघाचा मुद्दा परत येतो. पद्धत म्हणते, चिंता कमी करणे हे आमचे उद्दिष्ट नाही. मग यश मोजायचे कशाने? विद्यार्थिनी चिंतेसह प्रयोगशाळेत गेली काय, तोंडी परीक्षेला हजर राहिली काय, सोडलेला विषय पुन्हा घेतला काय, हे मोजायला हवे. हजेरीपट आणि परीक्षेचे अर्ज प्रत्येक महाविद्यालयात असतात. परंतु बहुतेक प्रयोग प्रश्नावलीच्या गुणांवरच थांबतात. स्वतःच्याच तत्त्वाशी ही विसंगती आहे.

जुन्या पद्धतीशी तुलना

तर मग ॲक्ट निरुपयोगी आहे काय? तसे मुळीच नाही. २०१२ साली कॅलिफोर्नियात विविध चिंताविकारांच्या १२८ रुग्णांवर चांगला प्रयोग झाला. त्यात प्रतीक्षायादी नव्हती. काहींना ॲक्ट आणि काहींना प्रस्थापित बोधन-वर्तन उपचार दिला, तोही प्रशिक्षित उपचारकांकडून, प्रत्यक्ष भेटीत. दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. २०१५ सालच्या एका संकलनात ३९ प्रयोग व १,८२१ रुग्ण होते. त्यातही हेच आढळले : काहीच विशेष न करण्यापेक्षा किंवा नेहमीच्या उपचारापेक्षा ॲक्ट बरे, प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस नाही. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट हे याहून कडक परीक्षक. २०१४ साली ६० प्रयोग तपासून त्यांनी म्हटले की कोणत्याही विकारासाठी ॲक्ट 'पूर्णपणे प्रस्थापित' या पायरीवर पोहोचलेले नाही. ॲक्टच्या समर्थकांनी २०१७ साली त्यांच्या हिशेबात चुका दाखवल्या, ओस्ट यांनी त्यांना उत्तर दिले. विज्ञानात असे होणे हे निरोगीपणाचे चिन्ह आहे.

दोन अगदी वेगळे सिद्धांत सांगणाऱ्या पद्धती सारखाच गुण देतात, तेव्हा दोहोंत काही समान असावे अशी शंका घ्यावी. येथे ते समान तत्त्व शोधायला फार दूर जावे लागत नाही. विचार तपासून असो वा विचार बाजूला ठेवून असो, दोन्ही पद्धतींत शेवटी विद्यार्थी भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरा जातो. ज्याला टाळत होतो ते केल्यावर आकाश कोसळत नाही, हे तो अनुभवाने शिकतो. आमचा अंदाज असा की गुणाचा मोठा भाग यात असावा.

आपल्याकडे 'हे आधीपासूनच होते'

त्या कार्यशाळेत आणखी एक वाक्य ऐकू आले : 'हे सारे आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहे. साक्षीभाव म्हणजे दुसरे काय?' साम्य आहे यात शंका नाही. स्वतः हेझही पूर्वेकडील परंपरांशी असलेले साम्य मान्य करतात. पण साम्य हा गुणाचा पुरावा नव्हे. एखादी कल्पना जुनी असल्याने ती खरी ठरत नाही आणि अमेरिकेतून आल्यानेही ठरत नाही. दोन्ही बाबतींत तुलना गट हवाच. आपल्या परंपरेचा अभिमान असेल, तर मराठी माध्यमातून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या, शुल्काची विवंचना असलेल्या विद्यार्थ्यांवर चांगला प्रयोग आखणे, हा तो व्यक्त करण्याचा उत्तम मार्ग.

'मूल्यां'च्या बाबतीत तर असा प्रयोग फारच आवश्यक आहे. 'तुला स्वतःला काय महत्त्वाचे वाटते?' हा प्रश्न नेवाडात जितका सरळ आहे, तितका आपल्याकडे नाही. आई-वडिलांनी जमीन गहाण ठेवून शिकायला पाठवलेल्या मुलाच्या मनात स्वतःची इच्छा आणि घराची अपेक्षा एकमेकांत इतकी मिसळलेली असते की अर्ध्या तासाच्या कृतिपत्रिकेत ती वेगळी होत नाही.

वर्गात कोणी शिकवावे?

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा शेवटी ठेवला आहे. बेल्जियममध्ये शेकडो शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनीच संपूर्ण वर्गांना ॲक्टचे पाठ दिले. तुलनेच्या वर्गांपेक्षा काहीही फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतील ८ हजारांहून अधिक मुलांना याच जातीचे सजगतेचे पाठ शिक्षकांनी दिले; २०२२ साली निष्कर्ष आला, लाभ नाही. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने ॲक्टवर आधारलेला पाच सत्रांचा कार्यक्रम युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांना दिला. ध्वनिमुद्रित पाठ होते आणि थोडे प्रशिक्षण मिळालेल्या, तज्ज्ञ नसलेल्या व्यक्ती ते चालवत होत्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ६९४ स्त्रिया होत्या. त्यांचा त्रास कमी झाला. तीन महिन्यांनी लाभ घटला होता, पण उरला होता.

ही उदाहरणे परस्परविरोधी वाटतात, तरी ती एकत्र वाचता येतात. युगांडातील स्त्रिया प्रत्यक्ष त्रासात होत्या. वर्गातली बहुसंख्य मुले त्रासात नव्हती. तहान नसलेल्याला पाणी पाजून तहान किती भागली ते मोजू नये. म्हणून 'सर्व वर्गांना कार्यक्रम' ही घोषणा ऐकायला कितीही उदार वाटली, तरी हाती असलेला पुरावा तिच्या बाजूने नाही. तेवढाच वेळ आणि पैसा त्रासातल्या विद्यार्थ्यांना शोधून प्रशिक्षित समुपदेशकाकडे पोहोचवण्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

शेवटी एक धोका नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. 'स्वीकार' हा शब्द मराठीत फार लवकर 'सहन कर' या अर्थाकडे घसरतो. ॲक्टमध्ये स्वीकार करायचा असतो तो मनात उठलेल्या भावनेचा, परिस्थितीचा नव्हे. वसतिगृहात छळ होत असेल, शिष्यवृत्ती अडकली असेल, मार्गदर्शक अपमान करीत असेल, तर तेथे तक्रार, अर्ज आणि संस्थेची कारवाई हाच उपाय आहे. अशा विद्यार्थ्याला 'चिंतेला जागा दे' असे सांगणे म्हणजे उपचारपद्धतीच्या नावाखाली जबाबदारी टाळणे होय. तसेच ज्याच्या बोलण्यात जीव देण्याचा उल्लेख येतो, झोप व जेवण तुटले आहे, अशा विद्यार्थ्यापुढे कोणतीही कृतिपत्रिका ठेवू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये आणि तज्ज्ञापर्यंत न्यावे. २०२२ साली सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. हा क्रमांक प्रत्येक शिक्षक-कक्षाच्या फळ्यावर लिहिलेला असावा.

पुढच्या कार्यशाळेत पडद्यावर दोन स्तंभ दिसले, तर शिक्षकांनी हात वर करून चार प्रश्न विचारावेत. तुलनेचा गट होता काय? त्याला काय दिले होते? मध्येच किती जण सोडून गेले? आणि गुणांखेरीज त्या मुलांच्या वागण्यात काय बदलले? वक्त्यांकडे उत्तरे असतील, तर कार्यक्रम जरूर घ्यावा. नसतील, तर साठ फासे घेऊन वर्गावर जावे.